बारा अंगुळं काठी, चार अंगुळं सावली

पनवेलहून रोह्याला जाणाऱ्या लोहमार्गावर पेण, कासू, नागोठणे गेलं की निडी येतं. पुढचं स्थानक रोहा, आणि तिथून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. हा सगळा पट्टा साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. नकाशात हा आकडा कोरडा दिसतो. जमिनीत काठी रोवून पाहिलं की तो वेगळाच भासतो. ज्या दिवशी सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो, त्या दिवशी निडीत भर मध्यान्ही बारा अंगुळांच्या काठीची सावली चार अंगुळं पडते. कोल्हापुरात तीच सावली ३.६ अंगुळं, मुंबईत ४.१५ आणि नागपुरात ४.६ अंगुळं भरते. निडी-रोह्याच्या वाट्याला मात्र पूर्णांक आला आहे: तीनास एक.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात या सावलीला पलभा म्हणतात. बारा अंगुळांचा शंकू (म्हणजे ती काठी), सपाट जमीन आणि विषुवदिन एवढ्या सामग्रीवर गावाचा अक्षांश हाती येतो. मग त्या गावचा दिवस किती मोठा आणि सूर्य कधी उगवणार, याचं गणित त्यावरून मांडता येतं. शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० पासून गणित सुरू करणारा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिणारे गणेश दैवज्ञ याच किनाऱ्यावरचे, मुरूडजवळच्या नांदगावचे. ज्या (साइन) आणि चाप (वर्तुळाचा कंस) यांच्या किचकट कोष्टकांत न शिरता ग्रहगणित करता यावं, म्हणून त्यांनी सगळी आकडेमोड सोपी करून दिली आणि पुढे कित्येक पिढ्यांचे पंचांगकर्ते त्या ग्रंथावर विसंबून राहिले. नांदगावची पलभाही चारच्या जवळपास येते. रायगड जिल्ह्यात कुणी स्मारक उभारायला घेतलं, तर त्याचं गणित परक्या ठिकाणाहून आणण्याची गरज नाही, असं मला वाटतं ते यामुळे. या जमिनीला स्वतःचं गुणोत्तर आहे.

स्मारकाचं गणित म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न उंचीचा निघतो: किती फूट? उंची ही मला यातली सगळ्यांत उथळ राशी वाटते. ती कुठल्याही गावात, कुठल्याही माणसासाठी तेवढीच ठेवता येते आणि ज्याची आठवण ठेवायची त्याच्याविषयी काही सांगत नाही. स्मारकाला तीन गोष्टी जपायच्या असतात: दिवस, जागा आणि नावं. गणित या तिन्हींना बांधलेलं असेल तरच ते स्मारकाचं गणित.

आधी दिवस घेऊ. या जिल्ह्याच्या आठवणीत दोन तारखा ठळक आहेत. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दुसरी तारीख २५ सप्टेंबर १९३०. उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. नाग्या कातकरी हे त्यांतलं नाव आजही गावोगाव घेतलं जातं.

या तारखा पंचांगाशेजारी ठेवून पाहा. विषुवदिन वर्षात दोनदा येतो, मार्चच्या २० किंवा २१ तारखेला आणि सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेला. महाडचा दिवस वसंत विषुवाला जवळजवळ चिकटून आहे, तर चिरनेरचा शरद विषुवानंतर दोन-तीन दिवसांनी येतो. महाडचा अक्षांश १८.१ आणि चिरनेरचा सुमारे १८.९, म्हणजे निडी अक्षांशाच्या हिशेबाने दोघांच्या साधारण मधोमध आहे. हा निव्वळ योगायोग आहे. इतिहास घडवणाऱ्यांनी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, पाहून दिवस निवडले नव्हते. पण स्मारक रचणाऱ्याने असा योगायोग हातचा सोडू नये. त्यामुळे एक स्तंभ दोन्ही दिवस ओळखू शकतो, आणि त्याला वीज लागत नाही की देखभालीचं यंत्र.

कसा ते पाहू. सपाट चौथऱ्यावर उभ्या काठीच्या टोकाची सावली दिवसभरात एक वक्र रेखते. हिवाळ्यात त्या वक्राची टोकं उत्तरेकडे वळलेली असतात, उन्हाळ्यात दक्षिणेकडे. हे वक्र म्हणजे अपास्त, भूमितीतल्या निमुळत्या शंकूला उभा छेद दिला की मिळणारा आकार. हिवाळ्यातला वाक हळूहळू उलगडत जातो आणि उन्हाळ्यातल्या उलट वाकाकडे वळण्याआधी एका दिवशी तो पूर्ण सरळ होतो. तो दिवस विषुवाचा. त्या दिवशी सूर्य खगोलीय विषुववृत्तावरून जातो. तो मार्ग आणि काठीचं टोक मिळून एक प्रतल होतं, आणि प्रतलाने जमिनीला छेद दिला की रेषाच मिळते. सकाळी पश्चिमेकडून निघालेलं सावलीचं टोक दिवस संपेपर्यंत पूर्वेकडे एका सरळ ओळीत चालत राहतं, इकडेतिकडे न वळता.

निडीला सहा मीटर उंचीचा स्तंभ घेतला तर ही रेषा त्याच्या पायथ्यापासून उत्तरेला बरोबर दोन मीटरवर येईल. तीनास एक. चौथऱ्यात काळ्या दगडाची पट्टी पूर्व-पश्चिम बसवली की झाली महाडची रेषा. २५ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ०.९ अंश उतरलेला असतो. इथल्या सहा मीटरच्या स्तंभासाठी एक अंश म्हणजे जमिनीवर ११.६ सेंटिमीटर, म्हणून चिरनेरची रेषा महाडच्या रेषेपलीकडे दहा-अकरा सेंटिमीटरवर पडेल. वीतभरसुद्धा अंतर नाही. तिला अगदी किंचित वाक असेल, डोळ्यांना सरळ वाटावी इतका. आणि सूर्य वर्षातून दोनदा त्याच जागी येत असल्यामुळे दर मार्चमध्ये सावली १८ तारखेच्या सुमारास चिरनेरच्या रेषेवरून जाते आणि दोन दिवसांनी महाडच्या. सप्टेंबरात आधी महाडची रेषा, मग चिरनेरची. दोन लढ्यांना एकमेकांची आठवण करून देणारी यापेक्षा प्रामाणिक खूण मला सुचत नाही.

आता अडचण येते ती कडेची. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. सहा मीटर उंचीवरच्या टोकाची सावली जमिनीपर्यंत येताना सहा सेंटिमीटर पसरट, धूसर होते, आणि टोकदार कळस असेल तर त्याचं टोक जमिनीवर विरूनच जातं. ज्या दोन रेषांत दहा सेंटिमीटरचं अंतर आहे, तिथे ही धूसरता चालणार नाही. म्हणून टोकाऐवजी भोक वापरायचं. स्तंभाच्या माथ्यावर मीटरभर रुंदीची आडवी तबकडी ठेवायची आणि तिच्यात एक सेंटिमीटरचं छिद्र. तबकडीच्या सावलीत उन्हाचा एक गोल ठिपका दिसेल, आणि तो ठिपका म्हणजे प्रत्यक्ष सूर्याची प्रतिमा. किती मोठी? सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. म्हणून छिद्रापासून जमिनीपर्यंतच्या तिरप्या अंतराला, म्हणजे ६.३ मीटरना, १०८ ने भागायचं. सहा सेंटिमीटर येतात. छिद्राची रुंदी मिळवली की सात. हा ठिपका कडेला बराच स्वच्छ असतो. सावलीच्या टोकापेक्षा उजेडाचा ठिपका वाचणं सोपं, आणि स्मारकाला तो शोभूनही दिसतो.

हा ठिपका हलताना दिसेल का? मध्यान्हीच्या आसपास तो मिनिटाला पावणेतीन सेंटिमीटर पूर्वेकडे सरकतो. हुतात्म्यांना मानवंदना देताना आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो. तेवढ्यात ठिपका साडेपाच सेंटिमीटर पुढे जाईल, जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका. माणसं स्थिर उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी काळ चालतो आहे, हे लहान मुलालाही दिसेल.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, एवढं मात्र ध्यानात ठेवावं लागतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. निडी आहे ७३.१ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या साडेसदतीस मिनिटं मागे असतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून सूर्य वर्षभरात कधी पुढे धावतो, कधी रेंगाळतो. त्याचा हिशेब धरला की निडीची मध्यान्ह २० मार्चला १२ वाजून ४५ मिनिटांनी येते आणि २५ सप्टेंबरला १२ वाजून २९ मिनिटांनी. कार्यक्रमपत्रिकेत ‘दुपारी ठीक बारा वाजता’ छापलं तर पाहुणे येऊन परत जातील आणि ठिपका रेषेच्या मध्यावर पोचलेलाच नसेल.

घड्याळावर बांधलेल्या स्मारकाचं काय होतं याचं उदाहरण मेलबर्नच्या ‘श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स’मध्ये आहे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेलं हे स्मारक ११ नोव्हेंबर १९३४ रोजी खुलं झालं. दर ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, युद्ध थांबल्याच्या क्षणी, छतातल्या छिद्रातून उन्हाची तिरीप आत यावी आणि खालच्या शिळेवरच्या ‘लव्ह’ या शब्दावरून सरकावी, अशी त्याची आखणी आहे. ती उत्तम जमलीही. पण १९७१ साली तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत सुरू झाली. घड्याळात ११ वाजले तरी सूर्याचे १० च वाजलेले. मग आरसा लावून तिरीप वळवावी लागली. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या अँथेम गावच्या सैनिक स्मारकात पाच खांबांतल्या लंबवर्तुळाकार खिडक्यांतून ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी ऊन आरपार येतं. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, म्हणून तिथे आरशाची पाळी आली नाही. आपल्याकडेही वेळ अढळ नव्हती. मुंबईत १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालत असे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणून माझं मत असं, की स्मारकाने सूर्याच्या मध्यान्हीलाच बांधून घ्यावं. सरकारं वेळ बदलतात, सूर्य मध्यान्ही ओलांडतो ते याम्योत्तर वृत्त तिथेच राहतं.

दिनदर्शिकाही थोडी हलते. वर्ष ३६५ दिवसांचं नाही, त्यापेक्षा सुमारे पावणेसहा तासांनी मोठं आहे, आणि ती कसर आपण चौथ्या वर्षी फेब्रुवारीत भरून काढतो. त्यामुळे एकाच तारखेचा ठिपका चार वर्षांच्या फेऱ्यात तीन-साडेतीन सेंटिमीटर मागे-पुढे होतो. यावर उपाय सोपा आहे: महाडची रेषा ही बारीक रेघ न ठेवता चार सेंटिमीटरची पट्टी ठेवायची. सात सेंटिमीटरचा ठिपका दर वर्षी तिला स्पर्श करेलच. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या वर्षी ठिपका दोन मीटरच्या खुणेच्या सुमारे अडीच सेंटिमीटर उत्तरेला असेल. पट्टी मध्यापासून दोन्हीकडे सारखी न ठेवता थोडी उत्तरेकडे सरकवावी ती याच कारणासाठी.

चौथऱ्याचा आकार मला अष्टकोनीच हवा. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाजवळ शिवाजी महाराजांच्या समाधीचा चौथरा अष्टकोनी आहे, आणि आपल्या डोळ्यांना त्या आकाराची सवय आहे. चिरनेरचे हुतात्मेही आठ. पण केवळ संख्या जुळते म्हणून नव्हे. अष्टकोन प्रदक्षिणेत पायांना कळतो. दर वळणाला ४५ अंश वळावं लागतं आणि आठ वळणांत माणूस जिथून निघाला तिथे येतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला गणिती गाउस याच्या पुतळ्याच्या जोत्यावर सतरा टोकांची चांदणी कोरली आहे, कारण पट्टी आणि कंपास एवढ्यावर सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे त्याने एकोणिसाव्या वर्षी दाखवलं होतं. जाणकाराला त्यातला अर्थ कळतो. पण सतरा आणि सोळा यांत चालणाऱ्याच्या पायांना फरक करता येत नाही. आठ आणि सहा यांत करता येतो.

अष्टकोन आखायला कोनमापक लागत नाही. आठ मीटरचा चौरस आखा. दोरी एका कोपऱ्यापासून चौरसाच्या मध्यापर्यंत ताणा, ती ५.६६ मीटर भरेल. तीच दोरी प्रत्येक कोपऱ्यावर धरून फिरवा आणि लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा करा. आठ खुणा मिळतील. त्या जोडून कोपरे छाटले की ३.३१ मीटर बाजूचा नेमका अष्टकोन तयार. यामागे दोनचं वर्गमूळ आहे, जे शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदी आखताना दोरीनेच हाताळलं होतं. बौधायनांनी त्यासाठी दिलेली किंमत, ५७७ भागिले ४०८, दशांश चिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत बरोबर येते. स्तंभ अशा अष्टकोनाच्या मध्यावर ठेवला तर महाडची रेषा चौथऱ्यावर ७.३ मीटर लांब राहते, आणि विषुवदिनी ठिपका तिच्यावर मध्यान्हीआधी दोन तास चढतो आणि मध्यान्हीनंतर दोन तासांनी उतरतो. २० मार्चला पावणेअकरा ते पावणेतीन. एवढ्या अवधीत पेणहून आणि रोह्याहून येणारी माणसं निवांत पोचतात.

स्तंभाच्या घडणीबद्दल एकच गोष्ट. लंडनमधला ‘सेनोटाफ’ हा युद्धस्मारकाचा स्तंभ १९२० साली एडविन लट्येन्स यांनी दगडात उभा केला, तेव्हा त्यात एकही खरी सरळ रेषा ठेवली नाही. त्याच्या उभ्या कडा वर वाढवल्या तर सुमारे हजार फूट उंचीवर एकत्र येतील, आणि आडव्या कडा जमिनीखाली नऊशे फुटांवर केंद्र असलेल्या वर्तुळाचे तुकडे आहेत. बघणाऱ्याला हा वाक दिसत नाही, दगड जिवंत वाटतो एवढंच जाणवतं. सहा मीटरच्या आपल्या स्तंभालाही वर निमुळतं होत जाणारं असं हळुवार माप द्यावं. घडवणाऱ्या हातांना गणिताचा अर्थ सांगितलेला असला पाहिजे, ही त्यातली अट. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला याकोब बेर्नुली याच्या स्मृतिशिळेवर त्याच्या आवडीचं लॉगरिदमी सर्पिल कोरायचं होतं, प्रत्येक वेढ्याला एकाच पटीने रुंदावणारं. कोरणाऱ्याने कोरलं सारख्या अंतराच्या वेढ्यांचं आर्किमिडीजचं सर्पिल, आणि ते तसंच राहिलं.

काम गवंड्यांच्या हातात आल्यावर पहिली गोष्ट दिशा. होकायंत्रावर विसंबू नये. पायात सळया पडल्या की सुई भलतीकडे वळते. अलिबागला १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे ती मुळात मुंबईतल्या विजेच्या ट्रामपासून दूर, शांत जागा हवी म्हणूनच. दिशेसाठी कात्यायनांच्या शुल्बसूत्रातली रीत पुरेशी आहे: शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक त्या वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा करायच्या, खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. मग तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोन धरून उत्तर. कोपरे गुण्यात आणायला इथला प्रत्येक गवंडी हेच तीन-चार-पाच वापरतो. दोन मीटरचं अंतर मोजायचं ते स्तंभाच्या कडेपासून नव्हे. छिद्रातून ओळंबा सोडून तो जिथे टेकेल त्या बिंदूपासून.

दुसरी गोष्ट पाऊस. कोकणात चौथरा अगदी सपाट ठेवला तर पाणी साचून शेवाळ धरेल. शंभरास एक असा उत्तरेकडे ढाळ दिला तर दोन मीटरवर जमीन दोन सेंटिमीटर खाली जाते आणि ठिपका सात मिलिमीटर पुढे सरकतो. हे सात मिलिमीटर आधीच हिशेबात धरून पट्टी बसवायची.

सप्टेंबरच्या शेवटी आपल्याकडे आभाळ अनेकदा भरलेलं असतं. काही वर्षी २५ तारखेला ठिपका पडणारच नाही. म्हणून हुतात्म्यांची नावं उन्हावर सोडायची नाहीत. ती चौथऱ्याच्या आठ बाजूंवर, बोट फिरवून वाचता येतील इतकी खोल कोरायची. बाजूंना पहिला-शेवटचा क्रम नसतो, त्यामुळे कुणी आधी, कुणी नंतर असं होत नाही. पण कोण कुणाशेजारी हे ठरवावंच लागतं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकात माया लिन यांनी नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली आणि पहिलं व शेवटचं नाव दोन भिंतींच्या सांध्यावर एकत्र आणलं. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या स्मारकात २,९८३ नावं आहेत. ‘यांचं नाव त्यांच्याजवळ असू द्या’ अशा बाराशेच्या आसपास विनंत्या कुटुंबांकडून आल्या आणि त्या सांभाळणारी मांडणी संगणकाच्या मदतीने बसवावी लागली. आपल्याला संगणक नको. आठ नावं वर्तुळात ५,०४० प्रकारे मांडता येतात. अमुक दोघं शेजारी हवेत असं एकदा ठरलं की १,४४० उरतात, आणखी एक वेगळी जोडी ठरली की ४८०. प्रत्येक विनंतीने पर्याय कमी होत जातात. त्या विनंत्या आधी चिरनेरला आणि आसपासच्या गावांत, त्या आठ घरांच्या आजच्या पिढ्यांना विचारून घ्यायच्या, आणि मगच पाथरवटाने छिन्नी उचलायची.